एडिसनचं घर, बाबांचं नर्सिंग होम आणि 'नावावर करून टाक'

वसुधा_जर्सी | ९ नोव्हेंबर २०२५

मंडळी, अमेरिकेतल्या, खास करून न्यू जर्सीतल्या जाणकारांकडून सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाबा ८३ वर्षांचे. १९७१ साली इंजिनिअर म्हणून इकडे आले, १९८४ मध्ये एडिसनला घर घेतलं. कर्ज केव्हाच फिटलंय. विस्मरणाचा त्रास चार-पाच वर्षं होताच, सप्टेंबरअखेरीस पॅरालिसिसचा झटका आला. आधी हॉस्पिटल, मग रिहॅब. आता तिथली सोशल वर्कर म्हणते, मेडिकेअर थांबणार. पुढे नर्सिंग होममध्ये (म्हणजे कायम सांभाळणाऱ्या केंद्रात) ठेवायचं तर महिना साधारण १४ हजार डॉलर स्वतः भरा. आई ७७ ची, घरीच असते, तिचे गुडघे पार गेलेत. मी २०२२ पासून आईबाबांकडेच राहते, काम घरून करते. भाऊ डॅलसला.

भाऊ म्हणतो, "आधी घर आपल्या दोघांच्या नावावर करून टाकू, मग मेडिकेडचा अर्ज भरू. नाहीतर सरकार घर घेऊन जाईल." मंडळातल्या दोघा-तिघा काकांनीही हेच सांगितलं. आईचं एकच चाललंय, "या वयात मला घराबाहेर काढतील का गं?"

आकडे देते. घर साडेसहा लाख डॉलरच्या आसपास, आईबाबा दोघांच्या नावावर. बाबांचा ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) धरून सगळी बचत तीन लाख. बाबांची सोशल सिक्युरिटी आणि पेन्शन मिळून महिना ३,४००. आणि कोथरूडला बाबांच्या एकट्याच्या नावावर टू बीएचके आहे, भाड्यानं दिलेला.

वकिलाकडे पुढच्या आठवड्यात जायचंय. पण तिथे जाऊन विचारायचं काय, तेच सुचत नाहीये.

---

टर्नपाइक | ९ नोव्हेंबर

घर कोणाच्याही नावावर करू नका. भावाला आजच फोन करून थांबवा. बाकीचं रात्री लिहितो.

---

मीठभाकर | ९ नोव्हेंबर

वाचून वाईट वाटलं. राग मानू नका, पण आपल्या लोकांत वडिलांना होममध्ये ठेवायची वेळ यावी हेच पटत नाही. आमच्या आजीचं शेवटपर्यंत सगळं घरातच झालं.

---

निर्मलग्राम | ९ नोव्हेंबर

@मीठभाकर, सगळं झालं म्हणजे कोणी केलं? तुमच्या आईनं आणि काकूनं ना? इथे ७७ वर्षांची बाई, एक नोकरी करणारी मुलगी आणि एका अंगाची ताकद गेलेला, रात्री उठून दार उघडू बघणारा माणूस आहे. धागा पैशांचा आहे, तेवढंच राहू द्या.

---

टर्नपाइक | १० नोव्हेंबर

वसुधाताई, मी वकील नाही. सासऱ्यांचा मेडिकेडचा अर्ज मी मिडलसेक्स काउंटीतूनच केला होता, त्या भांडवलावर लिहितोय.

मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन गोष्टींत आपली माणसं हमखास गोंधळतात. मेडिकेअर म्हाताऱ्यांचा आरोग्यविमा. तीन दिवस रीतसर दाखल होऊन मग रिहॅबला गेलात तर पहिले २० दिवस पूर्ण खर्च मेडिकेअरचा, २१ ते १०० दिवस रोजचे २०९ डॉलर ५० सेंट तुमचे (२०२५ चा आकडा), आणि १०० नंतर काही नाही. नुसतं सांभाळण्यासाठी, म्हणजे अंघोळ, भरवणं, कुशीवर वळवणं यासाठी मेडिकेअर पैसे देत नाही. ते काम मेडिकेडचं. मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना. म्हणून तिथे तुमच्याकडे काय-काय आहे हे पै न् पै बघतात.

आता 'नावावर करून टाक' बद्दल. अर्जाच्या तारखेपासून मागे ६० महिने बघतात. त्या काळात काहीही फुकट किंवा स्वस्तात दिलं असेल तर त्याची किंमत भागिले नर्सिंग होमचा राज्यानं ठरवलेला रोजचा दर, इतके दिवस मेडिकेड मिळत नाही. यालाच दंड म्हणतात. दर समजा ४०० डॉलर धरा. साडेसहा लाखांचं घर दिलंत तर १,६२५ दिवस, म्हणजे साडेचार वर्षांच्या जवळपास. खरी मेख पुढे आहे. हे दिवस घर दिल्याच्या तारखेपासून मोजायला सुरुवात होत नाही. बाबा नर्सिंग होममध्ये आहेत, हातातले पैसे संपलेत, बाकी सगळ्या अटींत बसतात, त्या दिवसापासून मोजतात. पैसे नाहीत, मेडिकेड नाही आणि घर मुलांचं. २००५ च्या कायद्यानं हे असं झालं, त्याआधी हा मागे बघण्याचा काळ (लुक-बॅक) बहुतेक बाबतींत तीन वर्षांचा होता आणि दंडही लवकर सुरू व्हायचा. काकांचा सल्ला त्या जमान्यातला असणार.

आणि गंमत म्हणजे तुमच्या बाबतीत घर धोक्यात नाहीच मुळी. आई त्या घरात राहते. जोडीदार राहत असेल तोवर घर मोजतच नाहीत. एकट्या माणसाला २०२५ मध्ये न्यू जर्सीत १० लाख ९७ हजारांपर्यंतच्या हिश्श्याची मर्यादा होती, पण जोडीदार घरात असेल तर तीही नाही. (२०२५ च्या नव्या कायद्यानं २०२८ पासून ही वरची मर्यादा १० लाखांवर गोठवली आहे, इतरांच्या माहितीसाठी.) आईला कोणी घराबाहेर काढत नाही. हे तिला आजच सांगा.

वकील बहुधा सांगेल की घर आईच्या एकटीच्या नावावर करा. नवराबायकोत दिलं-घेतलं तर दंड नाही. मात्र सोबत आईचं मृत्युपत्र बदलायला हवं. जुन्यात 'सर्व काही माझ्या पतीस' असेल. उद्या आई आधी गेली तर घर परत बाबांच्या ताटात.

---

वसुधा_जर्सी | १० नोव्हेंबर

टर्नपाइक, दंडवत! आईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं आणि मग चहा टाकला.

पण मग 'सरकार घर घेतं' हे लोक म्हणतात ते कुठून आलं? आणि बचतीचं काय?

---

कागद_आधी | १० नोव्हेंबर

मी फिलाडेल्फियाजवळ एका एल्डर लॉ (ज्येष्ठांच्या कायदेशीर कामांच्या) ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची साहाय्यक आहे. राज्य वेगळं, पण केंद्राचे नियम सारखेच, म्हणून लिहिते.

सरकार घर घेत नाही. माणूस गेल्यावर बिल पाठवतं. याला इस्टेट रिकव्हरी म्हणतात. १९९३ पासून सगळ्या राज्यांना ती बंधनकारक आहे. ५५ वर्षांनंतर नर्सिंग होमवर मेडिकेडनं जो खर्च केला तो मयताच्या मालमत्तेतून वसूल करायचा. जोडीदार हयात असेल तोवर वसुली नाही. मूल २१ च्या आतलं, अंध किंवा अपंग असेल तरी नाही. पण जोडीदारही गेला आणि घर अजून बाबांच्याच नावावर असलं, की दावा उभा राहतो. म्हणून टर्नपाइक म्हणतात तसं घर आईच्या नावावर आलेलं बरं.

बचतीचं. दोघांची मिळून मोजण्यासारखी जी मालमत्ता, तिचा अर्धा भाग आईला ठेवता येतो. २०२५ मध्ये कमीत कमी ३१,५८४ आणि जास्तीत जास्त १,५७,९२०. बाबांच्या नावावर २,००० उरले पाहिजेत. मधले पैसे खर्च करायचे, पण वाटायचे नाहीत. घराचं छप्पर, फर्नेस, आईसाठी जिन्याची खुर्ची, दोघांच्या अंत्यविधीचा आगाऊ करार, वकिलाची फी. हे सगळं चालतं, कारण पैशांच्या बदल्यात तुम्ही काहीतरी घेताय. नातवाच्या लग्नात १० हजारांचा चेक दिला असेल तर तो मात्र दानात धरतात. गिफ्ट टॅक्समध्ये १९ हजारांपर्यंतची भेट माफ असते ना, त्याचा इथे काडीचा संबंध नाही. आमच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे इथेच अडकतात.

उत्पन्न ३,४०० म्हणालात. न्यू जर्सीची २०२५ ची मर्यादा २,९०१. घाबरू नका, वरच्या रकमेसाठी 'क्वालिफाइड इन्कम ट्रस्ट' नावाचं वेगळं बँक खातं काढतात, दर महिन्याला पैसे त्यातून फिरवतात. आईचं स्वतःचं उत्पन्न तोकडं असेल तर बाबांच्या उत्पन्नातला काही भाग तिला राहू देतात. हे आवर्जून विचारा.

आता दोन तातडीच्या गोष्टी. एक, नर्सिंग होमच्या कागदांवर 'रिस्पॉन्सिबल पार्टी' म्हणून स्वतःच्या नावानं सही करू नका. मुलांची वैयक्तिक हमी मागणं केंद्राच्या कायद्यात बसत नाही, तरी कागदांच्या गठ्ठ्यात ते पान असतंच. 'पॉवर ऑफ अटर्नी म्हणून, वडिलांच्या पैशांतून' असं लिहून सही करा. आमच्या राज्यात तर मुलांच्या जबाबदारीचा जुना कायदा अजून जिवंत आहे. २०१२ मध्ये इथल्या सुपिरिअर कोर्टानं आईच्या नर्सिंग होमचं सुमारे ९३ हजारांचं बिल मुलाच्या गळ्यात घातलं. आई तोवर ग्रीसला निघून गेली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे मेडिकेअर 'थांबणार' हे तोंडी ऐकून गप्प बसू नका. दोन दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, तिच्यावर अपिलाचा फोन नंबर असतो. 'सुधारणा होत नाही म्हणून बंद' हे कारण चालत नाही. २०१३ च्या जिमो खटल्यातल्या तडजोडीनंतर आहे ती स्थिती टिकवण्यासाठी कुशल उपचार लागत असतील तरी मेडिकेअर द्यावं लागतं. १०० दिवस झालेत का तुमचे?

---

वसुधा_जर्सी | १० नोव्हेंबर

नाही हो, पाच आठवडेसुद्धा नाहीत! नोटीसही नाही, नुसतं बोलण्यात आलं.

---

कागद_आधी | १० नोव्हेंबर

मग उद्या सकाळी लेखी मागा.

आणि एक राहिलंच. तुम्ही २०२२ पासून त्याच घरात राहताय ना? 'केअरटेकर चाइल्ड' विचारलंत का कोणाला?

---

वसुधा_जर्सी | १० नोव्हेंबर

म्हणजे?

---

कागद_आधी | ११ नोव्हेंबर

आईवडील नर्सिंग होममध्ये जाण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं जे मूल त्यांच्याच घरात राहिलं, आणि ज्याच्या सेवेमुळे त्यांना घरी राहता आलं, त्या मुलाला घर दिलं तर दंड नाही. लुक-बॅक लागत नाही, वाट बघावी लागत नाही. आपल्या लोकांत मुलं आईवडिलांजवळ राहतात, सगळं करतात, म्हणजे ही सवलत आपल्यासाठीच लिहिल्यासारखी. आणि वापरत मात्र कोणी नाही, कारण पुरावा नसतो. 'मुलगीच ती, करणारच' याची पावती कोण फाडतं?

लागतं काय, तर लायसन्सवर तोच पत्ता, टॅक्स रिटर्नवर तोच पत्ता, आणि डॉक्टरांचं पत्र, की या काळात रुग्णाला एवढ्या-एवढ्या मदतीची गरज होती आणि ती नसती तर आधीच होममध्ये न्यावं लागलं असतं. नुसतं एकत्र राहणं, भाजी आणणं, गाडीतून नेणं पुरत नाही. न्यू जर्सीवाले याबाबत कडक आहेत, नेहमीच्या मदतीपलीकडची सेवा दाखवा म्हणतात. रोजची काही नोंद आहे का?

---

वसुधा_जर्सी | ११ नोव्हेंबर

डायरी वगैरे नाही. पण आत्ता उठून बघितलं. आई दर वर्षी एडिसनच्या दुकानातून कालनिर्णय आणते आणि फ्रिजशेजारी लावते. तिला चौकटीत लिहायची सवय आहे. '१४: रात्री दोनदा उठले, व.नं परत झोपवलं.' '१५: दाढी + अंघोळ व.' '१९: गॅस चालू ठेवला. व.नं नॉब काढून ठेवले.' बाबांची साखर लाल पेनानं, दूधवाल्याचा हिशेब असावा तशी. मागच्या तीन वर्षांची कालनिर्णयं माळ्यावर आहेत, कारण आई मागच्या बाजूच्या रेसिपींसाठी ती टाकत नाही.

हे चालेल?

---

कागद_आधी | ११ नोव्हेंबर

चालेल?! तीनही घेऊन जा वकिलाकडे. मराठीत आहेत, भाषांतर करून त्यावर भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लावावं लागेल. ऑफिसच्या सहकाऱ्यांनाही दाखवते हे, आमच्याकडे लोक एक्सेल शीट करून आणतात आणि सगळी एका रात्रीत टाइप केलेली असते.

---

टर्नपाइक | ११ नोव्हेंबर

सुंदर. पण वसुधाताई, यात एक घरगुती भानगड आहे, ती आधीच सांगतो. ही सवलत फक्त तुम्हाला. भावाला नाही. त्याचं नाव निम्म्याला घातलंत की निम्म्याचा दंड लागला. म्हणजे साडेसहा लाखांचं घर कागदोपत्री एकट्या बहिणीच्या नावावर जाणार. तुमचा भाऊ कितीही चांगला असो, वहिनी आणि तिचे बाबा यांचंही मत येईल. आमच्या ओळखीत दोन भाऊ याच कारणानं आज बोलत नाहीत, आणि दोघंही सज्जन आहेत.

दुसरं, १९८४ ला घेतलेलं घर. किती दिले होते, लाख-सव्वालाख? आज तुम्हाला भेट म्हणून मिळालं तर खरेदीची किंमत तीच जुनी धरतात. आईबाबांनंतर वारसानं मिळालं तर मृत्यूच्या दिवशीची किंमत धरतात आणि नफ्यावरचा कर जवळजवळ पुसला जातो. आईचा तहहयात राहण्याचा हक्क राखून डीड केलं तर ही सवलत टिकते असं आम्हाला सांगितलं होतं. पण राखून ठेवलेल्या हक्कावरही काही राज्यांत इस्टेट रिकव्हरी लागते. हे सीपीए (करसल्लागार) आणि वकील दोघांना एकत्र बसवून विचारा.

---

लोनस्टार | ११ नोव्हेंबर

डॅलसच्या भावानं 'लेडी बर्ड डीड' ऐकलं असणार, इकडे प्रत्येक सेमिनारमध्ये तेच चालतं. टेक्सास, फ्लोरिडा, मिशिगन अशा मोजक्या राज्यांत चालतं. घर जिवंतपणी तुमचंच, विकायचा हक्कही तुमचाच, मेल्यावर आपोआप मुलांचं. प्रोबेट (मृत्युपत्राची कोर्टातली प्रक्रिया) नाही, आणि टेक्सासात वसुली फक्त प्रोबेटमधल्या इस्टेटीतून होते, म्हणून घर सुटतं. जर्सीत उपयोग नाही. त्याला सांगा, आपल्या स्वतःच्या घराचं करून ठेव.

---

बे_एरियाकर | ११ नोव्हेंबर

कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून मालमत्तेची अटच काढली होती. १ जानेवारी २०२६ पासून ती परत, एका माणसाला १,३०,००० डॉलर. राहतं घर त्यात नाही. ज्यांचे आईवडील इकडे आहेत त्यांनी वेळेत वकील गाठा.

---

हॅरोकर | १२ नोव्हेंबर

इंग्लंडमधून थोडं अवांतर. इथे २३,२५० पौंडांवर मालमत्ता असेल तर केअर होमचा खर्च स्वतःचा. जोडीदार किंवा ६० वर्षांवरचा नातेवाईक घरात राहत असेल तर घर धरत नाहीत. एकटा माणूस असेल तर पहिले १२ आठवडे घर सोडतात, त्यानंतर कौन्सिल हवं तर पैसे उधार देतं आणि घर विकल्यावर व्याजासकट घेतं. खर्चाला ८६ हजार पौंडांची मर्यादा घालणार होते, तीही २०२४ च्या जुलैमध्ये रद्द झाली.

आपल्या मंडळींत इथेही तेच, 'सात वर्षं आधी नावावर केलं की सुटलो'. सात वर्षांचा नियम वारसा कराचा आहे, केअरचा नाही. केअर टाळायला घर दिलं असं कौन्सिलला वाटलं तर दहा वर्षं मागेही जातात. तुमचा पाच वर्षांचा नियम ऐकून हेवा वाटला.

---

मीठभाकर | १२ नोव्हेंबर

परवाच्या माझ्या प्रतिसादानं दुखावलं असेल तर सॉरी. पण एक प्रामाणिक प्रश्न. कोथरूडचा फ्लॅट आहेच, तर आईबाबा दोघांनाही पुण्याला का नेत नाही? माझ्या मावशीकडे ब्युरोच्या २४ तासांच्या दोन बायका पाळीनं असतात. एका महिन्याचा खर्च तुमच्या तिकडच्या तीन-चार दिवसांत निघेल.

---

पर्वती_पायथा | १२ नोव्हेंबर

पुण्यातून लिहितोय. मावशीचं खरं आहे, पण त्या बायका येतात-जातात. गणपतीला गावी जातात, मध्येच ब्युरो बदलते, आणि रोज देखरेखीला घरचं माणूस लागतंच. शिवाय मेडिकेअर, मेडिकेड दोन्ही भारतात चालत नाहीत. सोशल सिक्युरिटी मात्र अमेरिकन नागरिकाला इकडेही मिळत राहते. बाबा विमानात बसू शकतात का, हा पहिला प्रश्न.

दुसरं म्हणजे इकडे सरकार खर्चच देत नाही, त्यामुळे सरकार वसूलही करत नाही. आपल्याकडे घर जातं ते वेगळ्या वाटेनं. महाराष्ट्रात मुलांना राहतं घर बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, म्हणून लोक झटकन करून मोकळे होतात आणि मग आईबापांना बघायला कोणी नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ त्यासाठीच आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द होतं. २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं ताबा परत देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे असं सांगितलं. पण ती अट कागदात लिहिलेली असली तर काम सोपं. नोंदणी करणारे एजंट तयार मसुदा पुढे करतात, त्यात ती नसते.

---

टर्नपाइक | १२ नोव्हेंबर

कोथरूडच्या फ्लॅटबद्दल बरं झालं विषय निघाला. वसुधाताई, तो मेडिकेडच्या अर्जात दाखवावाच लागतो. राहतं घर सुटतं, दुसरं सुटत नाही, मग ते पुण्यात का असेना. 'कोणाला कळणार आहे' असं म्हणणारे भेटतील. टॅक्स रिटर्नवर भाड्याचं उत्पन्न दिसतं, परदेशी बँक खात्याची माहिती दर वर्षी दिलेली असते, आणि काउंटीवाले रिटर्नच मागतात. लपवलं तर फसवणूक.

दाखवायचा आणि विकायचा. तोही बचतीत मिळवला की एकूण रक्कम वाढते, मग आईचा अर्धा भाग १,५७,९२० च्या वरच्या मर्यादेला जाऊन टेकेल.

---

पर्वती_पायथा | १२ नोव्हेंबर

विकायचा, पण सही कोण करणार? पॉवर ऑफ अटर्नी आहे का? कधीची?

---

वसुधा_जर्सी | १२ नोव्हेंबर

आहे. २०१९ ची, बाबा ठणठणीत असतानाची. वकिलानं 'ड्युरेबल' करून दिली होती, म्हणजे पुढे भान गेलं तरी चालेल अशी.

---

पर्वती_पायथा | १३ नोव्हेंबर

अमेरिकेत चालेल. इकडे गोची आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ज्यानं मुखत्यारपत्र दिलं त्याचं भान गेलं की मुखत्यारी संपते. 'ड्युरेबल' हा प्रकार आपल्याकडे नाही. त्यावर विक्री केलीत आणि पुढे कोणी आव्हान दिलं तर घेणारा आणि तुम्ही दोघंही अडचणीत. रीतसर मार्ग म्हणजे कोर्टाकडून पालक नेमून घेणं. भान नसलेल्या रुग्णांच्या मालमत्तेसाठी मुंबई हायकोर्टानं राज्यघटनेच्या कलम २२६ खाली जवळच्या नातेवाइकाला पालक नेमल्याची उदाहरणं आहेत. वेळ लागतो, मेडिकल बोर्डाचा दाखला लागतो.

ज्यांचे आईवडील अजून धडधाकट आहेत आणि इकडे फ्लॅट आहे त्यांनी हे वाचून ठेवा. विकायचा असेल तर त्यांच्या हातानं, ते स्वतः सही करू शकतात तेव्हाच. अनिवासींकडून घेताना खरेदीदाराला मोठा टीडीएस कापावा लागतो. तो कमी व्हावा म्हणून आयकर खात्याचं प्रमाणपत्र आधी काढा. पैसे एनआरओ (अनिवासींच्या इथल्या रुपयांच्या) खात्यात येतात, तिथून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. त्यासाठी लागणारे आयकराचे फॉर्म चार्टर्ड अकाउंटंट करून देतो.

---

कागद_आधी | १३ नोव्हेंबर

ही माहिती सोन्यासारखी आहे. वसुधा, हेच पुण्याच्या वकिलाकडून लेटरहेडवर लिहून घ्या. आत्ता विकता येत नाही, कोर्टात जावं लागेल, एवढा वेळ लागेल. हाताशी नसलेली मालमत्ता तूर्त मोजू नका असं तुमचा वकील त्याच्या आधारावर मांडू शकतो. पालक नेमायचा अर्जही खरोखर करा, नुसतं पत्र पुरणार नाही.

---

सत्तावन्न | १४ नोव्हेंबर

मी आणि बायको पन्नाशी ओलांडलेले, व्हर्जिनियात. हा धागा वाचून दोघं गप्प बसलो. आमच्यासारख्यांनी काय करावं?

---

टर्नपाइक | १४ नोव्हेंबर

तुमच्याकडे पाच वर्षं आहेत, हीच मोठी गोष्ट. घर परत न फिरवता येणाऱ्या ट्रस्टमध्ये टाकलं आणि पाच वर्षं निघाली की ते मोजत नाहीत. पण 'परत न फिरवता येणारा' म्हणजे खरंच तसा. पुढे घर मोडून पैसे हवे झाले तर ते तुमच्या हातात येणार नाहीत. प्रोबेट टाळण्यासाठी जो साधा लिव्हिंग ट्रस्ट सगळे करतात तो यात काहीच वाचवत नाही, ही गल्लत फार दिसते.

माझं मत विचाराल तर ५७ व्या वर्षी घर ट्रस्टमध्ये टाकणं घाई आहे. लाँग टर्म केअर विम्याचे दर काढा, हप्ते नंतर वाढवतात हे धरून. आणि मुखत्यारपत्र आज करा. त्यात ट्रस्ट करण्याचे, मालमत्ता जोडीदाराला देण्याचे अधिकार स्पष्ट लिहून घ्या. इंटरनेटवरच्या फुकटच्या नमुन्यात ते नसतात.

---

वसुधा_जर्सी | २२ नोव्हेंबर

अपडेट देते.

लेखी नोटीस मागितल्यावर सोशल वर्करचा सूर बदलला. तरी आठवड्यानं नोटीस आलीच. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या आत अपील केलं, ते मान्य झालं. बाबांची फिजिओ चालू आहे.

वकीलबाईंनी कालनिर्णयं उलटून पालटून बघितली. भाषांतर माझी मैत्रीण करतेय. सध्या घर आईच्या नावावर होईल, मृत्युपत्र बदलेल. बायकोच्या मालमत्तेत नवऱ्याचा जो कायदेशीर हिस्सा असतो तेवढाच वेगळ्या ट्रस्टमधून बाबांसाठी, बाकी आम्हा दोघांना. मला घर द्यायचं की नाही ते आईनं तूर्त बाजूला ठेवलंय. भाऊ थँक्सगिव्हिंगला येतोय तेव्हा तिघं बसून बोलू. त्याला सगळा धागा पाठवला होता. त्याचं उत्तर, "तो मीठभाकर म्हणजे मोहनकाका नाही ना?"

---

मीठभाकर | २२ नोव्हेंबर

नाही हो. :)

---

निर्मलग्राम | २२ नोव्हेंबर

छान झालं. आईच्या गुडघ्यांचंही बघा आता, ते राहून जाईल.

---

वसुधा_जर्सी | २३ नोव्हेंबर

आता पाच वर्षांची बँक स्टेटमेंटं गोळा करतेय. बाबांचं एक खातं २०२३ मध्ये बंद केलं होतं, ऑनलाइन काहीच दिसत नाही. त्याचं काय करू?

---

कागद_आधी | २३ नोव्हेंबर

शाखेत जाऊन मुखत्यारपत्र दाखवा आणि लेखी मागणी करा. बंद खात्यांची जुनी कागदपत्रं बँक वेगळ्या विभागातून मागवते, आठवडे लागतात, पानामागे पैसेही घेतात. अर्ज भरायची वाट बघू नका, उद्याच जा. खातं बंद झालं त्या दिवशी शेवटची शिल्लक कुठे गेली, तो चेक किंवा ट्रान्सफर नक्की मिळवा. काउंटी पहिला प्रश्न तोच विचारते. आणि मोठ्या रकमेच्या प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीनं कारण लिहीत जा, आईला विचारून. तिला आठवत असेल सगळं.